अकरा गोष्टी, अकरा तात्पर्ये

मराठीत पुस्तकांची परीक्षणे होतात, लेखकांचे गौरवग्रंथ निघतात, संमेलनाध्यक्षांच्या भाषणांवर तर महिना महिना चर्चा चालते. पुस्तक होण्याआधी प्रकाशक लेखकाला जे दोन पानी पत्र पाठवतो, त्याचे परीक्षण मात्र कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. ते खासगी असते हे मान्य. पण बालसाहित्यापुरते बोलायचे तर पुस्तकाचे पुढे काय होणार हे पुष्कळदा त्या पत्रातच ठरून गेलेले असते. कोणत्या ओळीत लेखकाला कात्री लागणार, कोणत्या कलमात मूल बाजूला पडणार आणि त्याच्या जागी कोण गिऱ्हाईक म्हणून उभे राहणार, हे सारे तिथे वाचता येते. असे एक पत्र मी आज समोर घेतो आहे. ते मलाच आलेले आहे. पाठवणाऱ्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण हा गृहस्थ वाईट नाही. एका खोलीत बसून, एक मदतनीस हाताशी घेऊन तो वर्षाला दहा-बारा पुस्तके काढतो. माझे हस्तलिखित मी आणखी दोन मोठ्या ठिकाणी पाठवले होते. तिथून पोचसुद्धा आली नाही. या माणसाने तिसऱ्या आठवड्यात उत्तर दिले, तेही सगळ्या गोष्टी वाचून.

हस्तलिखित म्हणजे अकरा गोष्टी. बेळगावपासून फार लांब नसलेल्या एका गावातली मुले, त्यांच्या शाळा, शेते, एस. टी.चा थांबा, बाजाराचा दिवस. चार-पाच वर्षे शाळेत एखादा शिक्षक रजेवर असला की त्याच्या मोकळ्या तासाला मी पाचवी-सहावीच्या वर्गावर जाऊन या गोष्टी वाचून दाखवत आलो. ज्या जागी मुले खिडकीबाहेर बघू लागली त्या जागा कापल्या. परीक्षक म्हणून अकरा वर्षांच्या मुलाइतका निष्ठुर माणूस मला विद्यापीठातही भेटला नाही.

आता पत्र. डेमी आकार, सहा फर्मे म्हणजे ९६ पाने, हजार प्रती, किंमत १६० रुपये. आत बारा काळीपांढरी चित्रे, मुखपृष्ठ रंगीत. लेखकाला एकरकमी मानधन साडेसात हजार रुपये आणि पंचवीस प्रती. त्या बदल्यात सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे. प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत तात्पर्य. भाषा 'सर्व महाराष्ट्रातील मुलांना समजेल अशी' करून घेतली जाईल. 'पाटी' ही गोष्ट वगळावी. आणि शेवटी, जणू सहज आठवले म्हणून लिहिलेली ओळ: आपल्या व परिचयातील शाळांतून दोनशे प्रती ३० टक्के सवलतीने घेतल्या जातील असे गृहीत धरले आहे.

या शेवटच्या ओळीचा हिशेब मी आधी केला, कारण तो सोपा होता. १६० रुपयांवर ३० टक्के सूट म्हणजे ११२ रुपये. दोनशे प्रतींचे २२,४०० रुपये. म्हणजे शाळांकडून प्रकाशकाकडे बावीस हजार चारशे येणार आणि त्यातून माझ्याकडे साडेसात हजार. बोली पुस्तकावर लागलेली नाही, मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर लागलेली आहे. उद्या हेच हस्तलिखित एखाद्या तरुण शिक्षकाने पाठवले असते तर पत्र आले असते का, हा प्रश्न मला टाळता येत नाही. आमच्याकडच्या मराठी शाळांतल्या मुलांचे आईबाप शेतावर, कारखान्यात, यंत्रमागावर राबणारे. मुख्याध्यापकांचे पुस्तक म्हटल्यावर ते 'नको' म्हणणार नाहीत, आणि नेमके म्हणूनच त्यांना ते विकता कामा नये. ही ओळ मी पत्रातून खोडली. त्यावर वाटाघाट नाही.

हक्कांच्या कलमाकडे आपले लेखक बघतच नाहीत. पुस्तक निघते आहे या आनंदात सही करून टाकतात. भारतीय कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मी आज पन्नाशी ओलांडलेला माणूस. माझ्या नातवंडांची मुलेही मोठी होतील एवढा तो काळ आहे, आणि तो साडेसात हजारांत द्यायचा. साधारण १० टक्के स्वामित्वधन धरले तरी पहिल्या हजार प्रतींचेच सोळा हजार होतात. अर्थात हजार प्रती खपायला हव्यात. प्रकाशकाचे म्हणणे असे की त्या खपायला सहा वर्षे लागतील, कागदाचे पैसे मात्र आजच मोजावे लागतील; धोका त्याचा आहे. हे म्हणणे खोटे नाही. पण मग त्याने मुदतीचे हक्क मागावेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९व्या कलमात आपल्यासारख्यांना उपयोगी पडणाऱ्या गोष्टी आहेत. हक्क लेखी आणि सही करून दिले तरच ते दिले असे धरतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते. आणि दिलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. कायदा लेखकाच्या बाजूने इतका उभा असताना आपणच 'कायमचे' या शब्दाखाली सही करून त्याला खाली बसवतो.

या बाबतीत परदेशातले एक उदाहरण मला फार बोलके वाटते. बीट्रिक्स पॉटर या इंग्रज बाईंनी ४ सप्टेंबर १८९३ रोजी आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला एक सचित्र पत्र लिहिले. त्यात एका खोडकर सशाची गोष्ट होती. पुढे ते पत्र परत मागून घेऊन त्यांनी त्याचे पुस्तक केले. प्रकाशकांनी ते नाकारले, तेव्हा १९०१ च्या डिसेंबरात पदरचे पैसे घालून २५० प्रती छापल्या. मग एक प्रकाशक तयार झाला, पण चित्रे रंगीत हवीत या अटीवर. बाईंनी ती अट मानली, काही चित्रे कमी करायलाही त्या राजी झाल्या. पुस्तक लहान हातात मावेल एवढेच लहान असावे आणि त्याची किंमत मुलांना परवडावी, या दोन गोष्टी मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. १९०२ च्या ऑक्टोबरात आठ हजार प्रतींची आवृत्ती निघाली. पुढची हकिगत पीटर रॅबिट या नावाने जगाला ठाऊक आहे. त्यात दोन तपशील आपल्या कामाचे आहेत. एक, अमेरिकेतल्या हक्काची नोंदणी प्रकाशकाकडून राहून गेली आणि तिथे चोरून छापलेल्या आवृत्त्या निघाल्या. दुसरा तपशील मला जास्त मोलाचा वाटतो. बाईंच्या ओळखीच्या एका धर्मगुरूने, त्यांना मदत व्हावी म्हणून, ही गोष्ट उपदेशपर पद्यात बसवून प्रकाशकाकडे दिली होती. प्रकाशकाने ते पद्य बाजूला ठेवले आणि बाईंचे साधे गद्य घेतले. चित्रांत आग्रह धरणारा आणि भाषेत लेखिकेचे ऐकणारा प्रकाशक! असा एक मिळाला तर मी साडेसात हजारही मागणार नाही.

आमच्या पत्रातल्या चौकटीतल्या तात्पर्यांकडे वळतो. फोनवर मी विचारले, हे कशासाठी? तर उत्तर आले, "सर, तात्पर्य नसेल तर पालक पुस्तक उघडून बघतात आणि खाली ठेवतात. खरेदीच्या यादीत लावायलासुद्धा बरे पडते. संस्कार दिसायला लागतात." दिसायला लागतात! या एका क्रियापदात मराठी बालसाहित्याचा अर्धा इतिहास आहे. छापील मराठी बालसाहित्याचा आरंभच मुळी इसापच्या गोष्टींनी झाला, आणि तोही महाराष्ट्राबाहेर. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात 'बालबोधमुक्तावली' निघाली. पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'इसापनीतिकथा' आणि 'बाळमित्र' दिले. गोष्ट सांगायची आणि खाली सार लिहायचे, ही सवय तेव्हापासूनची. इसापला ती शोभते, कारण त्याची गोष्ट पाच-सहा ओळींची असते आणि त्यातला कोल्हा हा कोल्हा नसतोच. पण ज्या गोष्टीत एक खरे मूल आहे, त्याला घर आहे, त्याच्या शर्टाचे एक बटण तुटलेले आहे, त्या गोष्टीखाली तात्पर्याची चौकट ठोकली की ते मूल कोल्हा होते.

कोणी म्हणेल, मग साने गुरुजींचे काय? 'श्यामची आई'त संस्कार नाहीत का? आहेत, पानोपानी आहेत. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात श्याम रात्रीमागून रात्र आपल्या मित्रांना सांगत बसतो, आणि सांगताना त्याचा स्वतःचाच गळा दाटून येतो. तिथला उपदेश सांगणाऱ्याच्या दुःखातून आलेला आहे, म्हणून तो ऐकवतो. कागदाच्या तळाशी प्रकाशकाच्या मदतनिसाने लिहिलेले 'नेहमी खरे बोलावे' हे त्या जातीचे नव्हे. उलट, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या वाचताना तो चांगला मुलगा आहे हे आपल्या लक्षात येते, ते त्याच्या वागण्यातून. दोघांनाही चौकट लागली नाही.

माझ्या एका गोष्टीत मुलगा बाजारातून येताना आज्जीचे पैसे हरवतो आणि घरी सांगत नाही. आज्जीला ते कळते आणि तीही काही बोलत नाही. रात्री त्याच्या ताटात फक्त हुग्गी जरा जास्त वाढते. गोष्ट तिथे संपते. प्रकाशकाने सुचवलेले तात्पर्य: 'चूक लपवू नये.' वर्गात ही गोष्ट वाचली तेव्हा एका मुलीने विचारले होते, "सर, आज्जीला राग आलावता की नव्हता?" त्या प्रश्नावर वर्ग तास संपेपर्यंत भांडत होता. अर्ध्या मुलांचे म्हणणे, जास्त वाढणे म्हणजेच राग. चौकट असती तर हे भांडण झाले नसते.

भाषेचा मुद्दा सीमाभागातल्या वाचकांना अधिक जवळचा आहे. पत्रासोबत एका गोष्टीची 'संस्कारित' प्रत आली होती. तिच्यात 'हुग्गी'ची 'खीर' झाली होती, 'कोडबळं'ची 'चकली' झाली होती. संवादातला प्रत्येक 'खरं' जाऊन तिथे 'पण' आला होता. आमच्याकडे 'मी येणार होतो, खरं पाऊस आला' असे म्हणतात, हे बेळगाव-कोल्हापूरकडच्या वाचकाला सांगायला नको. 'चल की', 'बघ की' यांतले 'की'ही साफ गेले होते. आता हेही सांगून टाकतो की विद्यार्थ्याच्या निबंधात 'पण'च्या जागी 'खरं' आला तर मी त्याखाली लाल रेघ मारतो, आणि निवृत्त होईपर्यंत मारीन. निबंधाची भाषा वेगळी, बोळातल्या दोन पोरांच्या भांडणाची भाषा वेगळी. निवेदनात प्रमाण मराठी असावी यावर माझे प्रकाशकाशी दुमत नाही. हस्तलिखितात ती तशीच आहे. पण गोष्टीतले पोर तोंड उघडते तेव्हा ते पुण्याच्या पेठेतले होऊन बोलू लागले, तर ते मूल गेले आणि गावही गेले. आणि खीर ही हुग्गी नव्हे. ज्याने दोन्ही खाल्ल्या आहेत त्याला विचारा.

'सर्व महाराष्ट्रातील मुलांना समजेल' या शब्दांची मला गंमत वाटते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा. फुरसुंगी कुठे आहे, हे आमच्या बेळगावच्या मुलांना कोणी तळटीप देऊन सांगितले नव्हते. आमच्या पिढीने तो सायकलवर बसला की मागे बसून पुणे पाहिले, लक्ष्मी रोड न बघता पाठ केला. याच भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, तेव्हा त्यातली समुद्रांची आणि जहाजांची परकी नावे मुलांच्या घशात अडकली नाहीत. मूल हे रोजच नवे शब्द ऐकत असते. न कळलेला शब्द बाजूला ठेवून पुढे जाणे आणि तीन पानांनंतर तो आपोआप कळणे, हेच त्याचे शिकणे आहे. पुण्याचे शब्द आम्ही झेलायचे आणि आमचा एक 'हुग्गी' त्यांना जड, हा कुठला न्याय?

याला एक वजनदार दाखला आपल्याच मातीतला आहे. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथा. १९९४ साली 'वनवास' मौज प्रकाशन गृहाने काढले, मागोमाग 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' आले. आजी-आजोबांकडे राहणारा तो मुलगा, कन्नडच्या शेजारात वाढलेली त्याची मराठी, त्याच्या मनात चाललेली ती अखंड बडबड. यातले काहीही मुंबईच्या वाचकासाठी धुऊन काढावे असे संपादकांना वाटले नाही. पुस्तके पुण्या-मुंबईत डोक्यावर घेतली गेली. २०२४ मध्ये 'लंपन' या नावाने मालिकाही आली. माझ्या प्रकाशकाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "ते मोठ्यांसाठी आहे, सर." बरोबर आहे, लंपनच्या कथा बालसाहित्याच्या फडताळात नसतात. त्या मोठ्यांनी मोठ्यांसाठी आठवलेले बालपण आहेत. त्यांतली हुरहूर दहा वर्षांच्या मुलाची नसते, मागे वळून पाहणाऱ्याची असते. पण यातून निघते काय? आमची बोली मोठ्यांच्या साहित्यात आली तर ती शैली, आणि मुलांच्या पुस्तकात आली तर अशुद्ध! ज्या मुलांची ती बोली आहे त्यांनाच ती छापील पाहायला मिळू नये, यासारखी विपरीत गोष्ट दुसरी नसेल. आमच्या मुलांचे तसेही आहे बघा. पाठ्यपुस्तके कर्नाटक शासनाची, 'किशोर' मासिक महाराष्ट्रातून येणारे, दूरदर्शनवरची मराठी मुंबईची. त्यांच्या घरातली मराठी त्यांनी अक्षरांत कुठे पाहायची? इंदिरा संत याच बेळगावात राहिल्या. त्यांनी गवतफूल पाहून मूल भान हरपून जाते एवढ्यावर कविता लिहिली आणि ती साऱ्या महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात गेली. लहान जागेकडे वाकून बघितले तर लांबच्यालाही ती दिसते.

उरली 'पाटी'. एका रंगाऱ्याचा मुलगा बापाच्या हाताखाली दुकानाची पाटी रंगवतो. वर कन्नड, खाली मराठी. दोन्ही भाषांत 'अ' आहे, पण एकाचे पोट गोल आणि दुसऱ्याला वर रेघ. पोराला झोप आलेली असते आणि तो कन्नड अक्षराच्या डोक्यावर मराठी रेघ ओढून मोकळा होतो. बाप बघतो, हसतो, रॉकेलचे फडके फिरवतो. गोष्ट एवढीच आहे. प्रकाशकाचे म्हणणे, "पाट्यांचा विषय नको, सर. दोन्हीकडून वाद होईल." त्याचे भय मला कळते. पाट्यांवरून आमच्याकडे काय काय झाले आहे हे इथल्या वाचकाला मी सांगायचे नाही. पण आमची मुले रोज त्या पाट्यांखालून शाळेला जातात. त्यांच्यासाठी ती आधी अक्षरे आहेत, वाद नंतर. ही गोष्ट काढली तर उरलेल्या दहा गोष्टी कुठल्याही गावाच्या होतील.

मी उत्तर पाठवले. हक्क पाच वर्षांपुरते, फक्त मराठी छापील आवृत्तीचे. एकरकमी मानधन नको, छापील किमतीवर साडेसात टक्के द्या, तेही खपलेल्या प्रतींवर आणि वर्षातून एकदा. कागद हलका चालेल, चित्रे बारावरून आठ झाली तरी चालतील, पुस्तकाचे नाव तुम्हाला हवे ते ठेवा. तात्पर्ये नकोत. संवादाला हात नको. 'पाटी' राहील. चित्रकाराचे नाव आतल्या मुख्य पानावर हवे; मुलांच्या पुस्तकात तो अर्धा लेखक असतो आणि त्या पत्रात त्याचा उल्लेख 'आमच्याकडील चित्रे' एवढाच होता. कायद्याच्या ५७व्या कलमाचीही आठवण करून दिली, की हक्क विकल्यानंतरही लेखकाचे नाव आणि त्याच्या लेखनाची मोडतोड याबाबतचा त्याचा अधिकार उरतोच. शाळामास्तराने कलमे सांगितलेली कोणाला आवडत नाहीत, पण प्रकाशक हसला.

मुदत त्याने मान्य केली. टक्केवारीही, पहिल्या दोनशे प्रती सोडून. दोनशे कोणत्या हे मी ओळखले. त्या प्रती त्याने आता स्वतःच्या जोखमीवर ग्रंथप्रदर्शनांतून विकायच्या आहेत. 'पाटी' राहते आहे, मात्र अनुक्रमात शेवटून दुसरी. तात्पर्यांच्या जागी प्रत्येक गोष्टीखाली 'विचार करा आणि सांगा' असे तीन प्रश्न घालू या, अशी नवी तोड त्याने काढली. म्हणजे चौकटीला प्रश्नचिन्ह लागले! मी म्हटले, प्रश्न हवेतच तर पुस्तकाच्या शेवटी एका पानावर, आणि ते मुलांनी वर्गात विचारलेले. आज्जीच्या रागाचा प्रश्न पहिला. यावर त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

दरम्यान दोन फर्म्यांची मुद्रिते तपासायला आली आहेत. हुग्गी हुग्गीच आहे. संवादांतले 'खरं' परत आले आहेत; अक्षरजुळणी करणाऱ्याने जरा अधिकच मनावर घेऊन निवेदनातल्या चार 'पण'चेही 'खरं' केले आहेत, ते मी लाल शाईने दुरुस्त केले. चित्रकाराचे नाव मात्र अजून कुठेच दिसत नाही. त्यासाठी सोमवारी पुन्हा फोन करायचा आहे.